दोन धारांच्या मधला दिवस



आपल्या भागात नवं लग्न झालं की जोडपं जेजुरीला जातं. अंगाची हळद उतरायच्या आत खंडोबाचं दर्शन घ्यायचं, नवऱ्यानं नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, भंडारा उधळायचा, घरी आल्यावर जागरण-गोंधळ घालायचा. त्या पाच पायऱ्यांची आठवण काढली की साठीच्या बाईलाही हसू येतं. पण त्यानंतर दोघं मिळून कुठं गेलात, असं विचारलं की बोलणं थांबतं.

मागं गटाच्या बैठकीत आम्ही हाच प्रश्न एकमेकींना विचारला. उत्तरं आली ती अशी : दवाखान्यात गेलो होतो. मयतीला गेलो होतो. बँकेत सही द्यायला गेलो होतो. पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेलो होतो. म्हणजे काम पडलं, दुखणं आलं किंवा कुणी गेलं, तरच दोघं एका गाडीत बसणार. नुसतं आनंदासाठी म्हणून जाणं जवळजवळ कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं.

त्या बैठकीत एक मावशी शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमचं पंढरपूरला जायचं ठरलं होतं. ऊस गेला की जाऊ, असं ते दरवर्षी म्हणायचे. पैसे होते. गुरं बघायला जाऊबाई होती. फक्त तारीख ठरली नाही. आणि मग तेच गेले."

यावर कुणाला काही बोलता आलं नाही. पण घरी जाताना प्रत्येकीच्या डोक्यात तेच घोळत होतं. पैसे होते, माणूस होतं, तारीख नव्हती. म्हणून आज आम्ही वर्षभराचं वेळापत्रक मांडणार आहोत. शेतीची कामं सांभाळून, खिशाला झेपेल असं, जोडीनं कधी आणि कुठं जाता येतं ते सांगतो. आम्ही सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या, म्हणून ठिकाणं आमच्या बाजूची आहेत. तुम्ही तुमच्या बाजूची घाला.

अडतं कुठं?

पहिली अडचण गुरांची. धार काढायला माणूस हवं. सकाळची धार आणि संध्याकाळची धार यांच्यामध्ये दहा-अकरा तास मिळतात. सुरुवातीला सहल तेवढीच ठेवायची. पहाटे धार काढून, डेअरीला दूध घालून निघायचं आणि दिवेलागणीला परत दावणीपाशी यायचं. दोन धारांच्या मधला दिवस आपला.

मुक्कामाला जायचं असेल तर सावड करायची. खुरपणीला आपण सावड करतोच की. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. तसंच गुरांचं. मी गेले की तू धार काढ, तू गेलीस की मी काढीन. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. म्हैस अनोळखी हाताला पान्हा सोडत नाही. म्हणून जायच्या आधी दोन-तीन दिवस शेजारणीला सोबत घेऊन धार काढा. तिच्या हातून आंबोण खाऊ द्या, शेवटची धार तिला काढू द्या. आयत्या वेळी नुसती चावी देऊन गेलात तर दूध आटतं आणि पुढच्या वेळी घरचे म्हणतात, बघा, म्हणून जायचं नसतं.

दुसरी अडचण पैशाची. सहलीसाठी गटातून कर्ज काढू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो. गटाचं कर्ज शेळी, शिलाई मशीन, पोरांची फी यासाठी. फिरण्याचा डबा वेगळा. त्यात दर आठवड्याला दोघांनी मिळून ५० रुपये टाकायचे. वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे २,६०० रुपये. एवढ्यात जवळच्या दोन-तीन सहली सहज निघतात. पैसे दोघांनी टाकायचे, हे महत्त्वाचं. एकट्या बाईनं साठवलेले पैसे पहिल्या खताच्या पोत्याला जातात. दोघांचे असले की हात घालायच्या आधी एकमेकांना विचारावं लागतं.

तिसरी अडचण लोकांची. "म्हातारपणी काय हौस आलीय," असं कुणीतरी म्हणणारच. कधी सासूबाईंनाही वाटतं की सून घर टाकून निघाली. इथं आमचा अनुभव असा की लपवून जाऊ नये. पंधरा दिवस आधी सांगावं, "आत्या, अमुक दिवशी आम्ही दोघं शिंगणापूरला जाऊन येतो. तुम्हाला काय आणू?" आणि दुसऱ्या वेळी त्यांनाही मामंजींबरोबर पाठवावं. त्यांचीही पाच पायऱ्यांनंतरची सहल राहिलेलीच असते.

पाडव्याला तारीख मागा

आमचं वेळापत्रक दिवाळीच्या पाडव्यापासून सुरू होतं. पाडव्याला आपण नवऱ्याला ओवाळतो आणि तो ताटात ओवाळणी घालतो. कुणी साडी देतं, कुणी शंभराची नोट. आम्ही गटात ठरवलं की ओवाळताना सांगायचं, "अहो, यंदा साडी नको, तारीख द्या." भिंतीवरचं कॅलेंडर काढायचं, दोघांनी बसून वर्षातले तीन-चार दिवस निवडायचे आणि त्यांवर पेनानं गोल करायचा. कॅलेंडरवर आधीच डेअरीचे हिशेब, गॅस टाकी आणल्याची तारीख, म्हैस भरवल्याची तारीख लिहिलेली असते. त्यातच ही तारीख बसली की ती कामासारखीच पक्की होते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज. माहेरी आपण बहुधा लेकरं घेऊन एकट्याच जातो. यंदा जावईबापूंनाही एक दिवस घेऊन जा. परत येताना वाटेत एखादं देऊळ, एखादा घाट बघत या. गाडीभाडं तर घातलेलंच असतं.

मार्गशीर्ष : पुन्हा जेजुरी

पाडव्यानंतर महिन्याभरात मार्गशीर्ष लागतो. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून खंडोबाचं षड्‌रात्र बसतं आणि सहाव्या दिवशी चंपाषष्ठी येते. चातुर्मासात ज्यांनी वांगं सोडलेलं असतं, ते या दिवशी भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानं पुन्हा खायला सुरुवात करतात. ज्वारीची पेरणी उरकलेली असते, थंडी पडलेली असते, चढायला ऊन लागत नाही. लग्नातली जेजुरी पुन्हा बघायला हा महिना चांगला.

आमच्याकडून जेजुरीला रेल्वेनंही जाता येतं. पुणे-मिरज मार्गावर रहिमतपूर, कोरेगाव, सातारा, वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी अशी स्टेशनं आहेत. गाडीची वेळ आधी विचारून घ्या, कारण प्रत्येक गाडी लहान स्टेशनावर थांबत नाही. चंपाषष्ठी, सोमवती अमावस्या आणि रविवार सोडून गेलात तर दर्शन निवांत होतं. आता नवऱ्यानं उचलून घ्यावं असं आम्ही म्हणत नाही. गुडघे दोघांचेही दुखतात. पण पाच पायऱ्या हात धरून चढायला काय हरकत आहे?

पौष-माघ : हुरडा, वाण आणि गर्दी

जानेवारीत भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, दुसऱ्या दिवशी १४ किंवा १५ तारखेला संक्रांत. मग रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. याच दिवसांत ज्वारी हुरड्यात येते. दाणा दुधातून घट्ट व्हायला लागला, पण अजून कोवळा आहे, तेवढ्या थोड्या दिवसांचाच हुरडा. शहरातली माणसं पैसे मोजून तो खायला येतात. आपल्या बांधावर तो फुकट आहे. संध्याकाळी शेणीची आगटी करा, कणसं भाजा, हातावर चोळा, वर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. दोन भावकीतली जोडपी बोलवा. कुणी म्हणेल, शेतात तर रोज जातो, त्यात कसली सहल? फरक एवढाच की त्या दिवशी खुरपं घरी ठेवायचं.

पौष पौर्णिमेला वाईजवळच्या मांढरदेवला काळूबाईची मोठी यात्रा भरते. आपल्याकडून घरटी माणसं जातात. इथं एक गोष्ट सांगणं आमचं काम आहे. २५ जानेवारी २००५ ला याच यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि २९० हून अधिक भाविक गेले. अरुंद वाट, चढ आणि पुढं-मागं दाटलेली गर्दी, अशा ठिकाणी एक माणूस घसरला की मागच्यांना थांबता येत नाही. म्हणून लहान लेकरं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना घेऊन मुख्य दिवशी जाऊ नका. यात्रेच्या आधी किंवा नंतर साध्या वारी जा. देवी तीच आहे. गर्दीत सापडलातच तर प्रवाहाच्या उलट जाऊ नका, दोन्ही हात छातीपुढं आडवे धरून श्वासाला जागा ठेवा, काही पडलं तर वाकू नका आणि हळूहळू तिरकं सरकत कडेला या. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं, ते दोघांनी आधीच ठरवून ठेवा.

चैत्र : महादेवाचं लग्न

गुढीपाडव्यानंतर शिखर शिंगणापूरची यात्रा. माण तालुक्यातल्या या डोंगरावर चैत्र शुद्ध अष्टमीला शंभू महादेव आणि पार्वतीचं लग्न लागतं. द्वादशीला मुंगी घाटानं कावडी वर चढतात. उभा कडा, खांद्यावर कावड आणि वरून हातांची साखळी करून ओढणारी माणसं, हे एकदा तरी खालून बघावं. स्वतः त्या घाटानं चढायचा हट्ट मात्र करू नये. देवळापर्यंत गाडीरस्ता आहे.

रब्बी काढून झालेली असते, म्हणून हातात चार दिवस असतात. पण ऊन तापलेलं असतं. पहाटे निघा, अकराच्या आत दर्शन उरका. डोक्यावर पदर आणि टॉवेल, बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. चक्कर आली, घाम यायचा थांबला, अंग तापलं, तर सावलीत झोपवून ओल्या फडक्यानं अंग पुसा आणि लगेच दवाखाना गाठा.

आषाढ : एक दिवसाची वारी

सगळ्यांनाच आळंदी ते पंढरपूर चालणं जमत नाही. पेरणीचे दिवस असतात. पण ज्ञानोबांची पालखी नीरा नदी ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढं जाते. लोणंद ते तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. पेरणी झाली असेल तर यातला एक टप्पा दोघांनी चालावा. पिशवीत भाकरी, अंगावर प्लास्टिकचा कागद, पायात जुनी, सवयीची चप्पल. नव्या चपलेनं फोड येतात.

पंढरपूरला जाणार असाल तर गावानं मिळून जा. गेल्या काही वर्षांत आषाढीसाठी चाळीसेक प्रवासी जमले की एसटी थेट गावातून गाडी देते. गटानं आधी आगारात जाऊन विचारावं. तिथं गेलात की एक बघा. विठोबाचा गाभारा वेगळा आणि रखुमाईचा वेगळा. रखुमाई रुसून दिंडीरवनात आली आणि तिला शोधत देव पंढरीला आला, अशी कथा सांगतात. रुसलेल्या बायकोला शोधायला देवसुद्धा घराबाहेर पडला, ही गोष्ट घरी सांगण्यासारखी आहे.

श्रावण-भाद्रपद : पाणी आणि फुलं

पावसाळ्यात पोरं धबधब्याचा हट्ट धरतात. साताऱ्याजवळचा ठोसेघरचा धबधबा कठड्याच्या अलीकडून बघितला तर आनंदच आहे. पण पाण्यात उतरू नका. डोंगरावर जोराचा पाऊस पडला की खाली ऊन असलं तरी ओढ्याचं पाणी काही मिनिटांत चढतं. स्वच्छ पाणी गढूळ होणं, काड्या-पालापाचोळा वाहून येणं, पाण्याचा आवाज वाढणं या खुणा दिसल्या की ताबडतोब वर या. मधल्या खडकावर फोटोसाठी उभं राहू नका. शेवाळावर पाय राहत नाही.

मग येतात गौरी-गणपती. खरं बोलायचं तर सण म्हणजे घराला सुट्टी आणि बाईला दुप्पट काम. तीन दिवस गौरी : आवाहन, जेवण, विसर्जन. फराळ, पुरणपोळी, आल्यागेल्याचा चहा. गौर माहेरवाशीण म्हणून येते, पण घरातली माहेरवाशीण चुलीपुढून उठत नाही. इथं जोडीनं जाण्याआधी जोडीनं काम करायला हवं. आरास, पाणी, बाजार आणि जेवणाची भांडी पुरुषांनी घ्यावीत. हे आधी ठरवलं तर होतं. सणाच्या दिवशी चिडून सांगितलं तर होत नाही.

गौर म्हणून आपण तेरडा पुजतो. तोच तेरडा या दिवसांत कासच्या पठारावर गालिचा घातल्यासारखा फुललेला असतो. कास साताऱ्यापासून २५ किलोमीटरच्या आसपास आहे. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलं असतात. तिथं कातळावर मातीचा अगदी पातळ थर आहे. त्या थरातच ही रोपं पावसाळ्यापुरती जगतात. एकदा तुडवली की बी धरायच्या आत मरतात आणि पुढच्या वर्षी ती जागा उघडी पडते. म्हणून पायवाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही. रोज ठरावीक माणसांनाच आत सोडतात, म्हणून मोबाईलवरून आधी नोंदणी करावी. शनिवार-रविवार टाळावा. गौरी विसर्जनानंतरच्या आठवड्यातला एखादा साधा वार आम्हाला सगळ्यात चांगला वाटतो. तीन दिवस चुलीपुढं काढल्यावर तो मोकळा वारा अंगाला बरा वाटतो.

गाडीत बसण्याआधी

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. साधी, निमआराम, शिवशाही, सगळ्या गाड्यांना. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. गोव्याला किंवा बेळगावला निघालात तर हद्दीपुढचं तिकीट पूर्ण पडतं. नवऱ्याचं तिकीट १०० रुपये असेल तर जोडीचे २०० नाही, १५० होतात. पाच ते बारा वर्षांच्या लेकरांनाही निम्मं. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं आणि ७५ च्या पुढं, ऑगस्ट २०२२ पासून, मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. लांबचा बेत असेल तर "आवडेल तेथे प्रवास" योजनेत चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. आगारात दर विचारून, आपल्या निम्म्या तिकिटाशी ताडून मगच घ्या. सगळ्यांना तो परवडतोच असं नाही. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे उतरल्या-उतरल्या विचारा.

आणखी एक, जे चारचौघांत बोललं जात नाही. शौचालय मिळणार नाही म्हणून बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. मग रात्री जळजळ, ताप. असं करू नका. स्टँडवर, पेट्रोल पंपावर शौचालय असतं, तिथं थांबू असं आधीच सांगून ठेवा. पाळीच्या तारखा बघून पॅड, कपडा, कागदी पिशवी बरोबर घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या दोघांच्याही घ्या.

ज्यांची जोडी जवळ नाही

आमच्या भागातल्या कितीतरी बायांचे नवरे मुंबईला असतात. जत्रेला आणि गणपतीला येतात, चार दिवसांत जातात. त्या चार दिवसांत घराची कौलं, बोअरची मोटर, भावकीचं भांडण सगळं उरकायचं असतं. त्यातला एक दिवस आधीच मागून घ्या. फोनवर तारीख ठरवा.

आणि ज्यांचा जोडीदार राहिला नाही, त्यांचं काय? हेरवाड या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानंही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. आमच्या गटात आता संक्रांतीचं वाण सगळ्यांना मिळतं. सहलीतही तसंच करायचं ठरवलं. वर्षातली एक सहल जोडीची नाही, गटाची. त्यात एकट्या असलेल्यांची जागा आधी धरायची, मग बाकीच्यांची.

गेल्या आषाढीला गावातून गाडी गेली, तेव्हा त्या मावशी पुढच्या सीटवर होत्या. मालकांचा जुना टॉवेल त्यांनी पिशवीत घेतला होता. चंद्रभागेत तो भिजवला, पिळला आणि पुन्हा पिशवीत ठेवला. येताना म्हणाल्या, "पोरींनो, माझी तारीख तुम्ही ठरवलीत. तुमची तुम्ही ठरवा."

तर मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा. दोघांनी बसा. एका तारखेवर गोल करा आणि शेजारणीला सांगून ठेवा, त्या दिवशी म्हशीकडं बघ. पुढच्या बैठकीत आम्ही तारीख विचारणार आहोत.

राम कृष्ण हरी.